१८ पूर्ण झालेल्या मुलामुलींच्या हाती गाडी: इन्शुरन्सचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा?

गोदाकाठ
गाडी वडिलांच्या नावावर, एमएच-१५ (नाशिक), पेट्रोल, ११९७ सीसी, चौथं वर्ष. आधीच्या गाडीचा एनसीबी (क्लेम न केल्याची सवलत, नो क्लेम बोनस) या गाडीवर आणलेला असल्याने ५०% मिळतोय. मुलगी १८ पूर्ण, लर्निंग लायसन्स हातात आलंय. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. प्रश्न तीन: पॉलिसीत मुलीचं नाव घालावं लागतं का? त्यामुळे प्रीमियम वाढतो का? आणि जुनी छोटी गाडी घेऊन मुलीच्याच नावावर करणं स्वस्त पडेल का? नेटवर जे सापडतं ते सगळं अमेरिकेतलं आहे.

सध्या_न्यूजर्सी
अमेरिकेतलं वाचून घाबरू नका. तिथे प्रीमियम माणसावर ठरतो. १७-१८ वर्षांचं मूल पॉलिसीत आलं की आकडा भरमसाट वाढतो, म्हणून चांगल्या मार्कांची सवलत, ड्रायव्हिंग कोर्सची सवलत, आईवडिलांच्याच पॉलिसीत नाव जोडणं असे उपाय तिथे चालतात. भारतात हे काही लागू नाही. मार्कशीट घेऊन एजंटकडे गेलात तर तो पेढे मागेल, सवलत देणार नाही.

हिशेबनीस
बरोबर. आपल्याकडे प्रीमियम गाडीवर बसतो, चालकावर नाही. त्याचे दोन तुकडे वेगळे करून बघा.

थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा. त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनचे खाजगी कारचे वार्षिक दर: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६, त्यावर ७,८९७. इलेक्ट्रिकला ३० किलोवॅटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ ला २,९०४, त्यावर ६,७१२. वर १८% जीएसटी. चालवणारा १८ चा असो की ६८ चा, आकडा तोच.

ओडी म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान. हा आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत), सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण यावर ठरतो. जुन्या टॅरिफमध्ये (ठरलेल्या दरपत्रकात) मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशी आठ शहरं झोन ए मध्ये आणि नाशिक झोन बी मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसी गाडीला झोन ए मध्ये आयडीव्हीच्या ३.२८३% आणि झोन बी मध्ये ३.१९१%. यावर कंपन्या आपापली सूट देतात, म्हणून दोन कोटेशनं कधी जुळत नाहीत.

५ लाख आयडीव्ही धरा. ३.१९१% म्हणजे १५,९५५. कंपनीने ४५% सूट दिली तर ८,७७५. पुढच्या हिशेबासाठी एनसीबीच्या आधीचा ओडी ९,००० धरू. ५०% एनसीबीने तो ४,५०० होतो.

मुलीमुळे प्रीमियम वाढतो का? थेट नाही. तिने एक क्लेम करायला लावला की वाढतो. खरी लढाई तिथे आहे.

मिरची_पंचवटी
म्हणजे नाव घालायचं की नाही? सरळ सांगा ना.

घाटवाट
घालावं लागत नाही. पॉलिसीतला 'ड्रायव्हर्स क्लॉज' काढून वाचा. वैध परवाना असलेली कोणीही व्यक्ती चालवू शकते असं त्यात लिहिलेलं असतं. लर्निंगवालाही चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळला असेल तरच. प्रपोजल फॉर्ममध्ये किंवा ऑनलाइन भरताना चालकाबद्दल विचारलं असेल तर मात्र खरं लिहा. न विचारलेलं सांगितलं नाही म्हणून क्लेम अडत नाही. विचारलेलं खोटं सांगितलं तर अडतो.

पेठरोड
नियम ३ मध्ये काय काय येतं ते लिहून ठेवतो, कारण लर्निंगच्या काळातले क्लेम इथेच अडकतात.

शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि गरज पडली तर गाडी थांबवता येईल असा बसलेला हवा. मागच्या सीटवर मोबाईल बघत बसलेले काका धरले जात नाहीत. गाडीच्या पुढे आणि मागे एल पाटी: पांढऱ्यावर लाल अक्षर, पाटी १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच, २ सेंमी जाड, तळाशी ९ सेंमी रुंद. कॉलेज रोडच्या स्टेशनरीच्या दुकानातला तळहाताएवढा स्टिकर या मापात बसत नाही. कागदावर लाल टेपने केलेली पाटी चालते, माप बरोबर असलं की झालं.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्यासाठी ३० दिवसांनंतर अर्ज करता येतो, सारथी पोर्टलवरून वेळ घ्यायची आणि टेस्ट पेठ रोडच्या आरटीओत. सहा महिने उलटून गेले आणि टेस्ट राहिली तर त्या दिवसापासून मुलीकडे परवानाच नाही असं समजा. सुट्ट्या, परीक्षा, पावसाळा यात हे सहा महिने कधी संपतात कळत नाही. मोबाईलमध्ये तारीख लावून ठेवा.

सातपूरकर
आणि १८ च्या आतल्यांचं काय? क्लासला ११० सीसीची स्कूटर घेऊन जाणारी अकरावीची पोरं रोज गंगापूर रोडला दिसतात.

पेठरोड
१६ व्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. तशी गाडी बाजारात शोधून दाखवा. ११० सीसी म्हणजे विनापरवानाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत परवाना नाही.

इन्शुरन्सच्या बाजूने आणखी वाईट. स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जातो. समोरच्याला कंपनी भरपाई देते खरी, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. स्वर्णसिंग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट घालून दिली. त्या वसुलीला मर्यादा नाही, घरावर येते.

२५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाची ई-स्कूटर मोटार वाहन धरली जात नाही, तिला परवाना, नोंदणी, विमा काही लागत नाही. पण दुकानदाराकडून स्पीड लॉक काढून घेतलं की ती सूट गेली.

गोदाकाठ
समजलं. आता एनसीबीचा मुद्दा. एक क्लेम केला तर नेमकं किती नुकसान?

हिशेबनीस
एनसीबीची शिडी अशी: बिनक्लेमच्या पहिल्या वर्षानंतर २०%, मग २५, ३५, ४५, ५०. एका क्लेमने तुम्ही पार तळाला. ओडी ९,००० स्थिर धरून:

क्लेमनंतरच्या रिन्यूअलला ९,००० भराल, म्हणजे ४,५०० जास्त. पुढच्या वर्षी ७,२००, म्हणजे २,७०० जास्त. मग ६,७५० (२,२५० जास्त), ५,८५० (१,३५० जास्त), ४,९५० (४५० जास्त), आणि सहाव्या रिन्यूअलला परत ४,५००. बेरीज ११,२५०. १८% जीएसटी धरून १३,२७५. आयडीव्ही दरवर्षी उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी.

म्हणजे कंपनीकडून हातात पडणारी रक्कम साधारण १३ हजारांच्या खाली असेल तर क्लेम करणं म्हणजे स्वतःचेच पैसे हप्त्याने परत करणं. मुद्दा 'हातात पडणारी रक्कम' हा आहे, गॅरेजचं बिल नव्हे.

सातपूरकर
गॅरेजच्या बिलातून हातात किती पडतं ते सांगतो. शिकाऊ चालकाचा ठरलेला अपघात म्हणजे रिव्हर्स घेताना गेटला मागचा बंपर. बंपर ८,०००, पेंटिंग ४,०००, मजुरी १,५००, एकूण १३,५००.

झीरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५०% घसारा, म्हणजे बंपरचे ४,०००. पेंटिंगच्या बिलातला २५% भाग मटेरियल धरतात आणि त्यावर ५०% कापतात, म्हणजे ५०० गेले, ३,५०० राहिले. मजुरी पूर्ण. झाले ९,०००. त्यातून सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,०००, उरले ८,०००. या ८,००० साठी १३,२७५ घालवायचे का, तुम्हीच बघा. काचेवर घसारा नाही. पत्र्यावर वयाप्रमाणे: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५%, तीन ते चार २५%, चार ते पाच ३५%.

झीरो डेप असलं तरी याच बिलात हातात १२,५०० येतात. तरी आतबट्ट्याचाच.

पहिल्या वर्षी घासलेल्या बंपरवर फक्त टचअप करा. पोरगी अजून दोनदा घासणार आहे. एकदाच शेवटी रंगवा.

मिरची_पंचवटी
पोरगीच कशाला, पोरं जास्त घासतात 🙂 बाकी एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन मिळतं ना?

घाटवाट
मिळतं आणि नवीन चालक घरात असेल तर पहिल्या दोन वर्षांसाठी घेण्यासारखं आहे. पण वर्षात किती क्लेमपर्यंत एनसीबी वाचतो, आणि कंपनी बदलली तर तो वाचलेला एनसीबी नवी कंपनी मानते का, हे दोन प्रश्न विकत घेण्याआधी लेखी विचारा. झीरो डेपलाही बहुतेक पॉलिसींत वर्षाला दोनच क्लेमची अट असते.

दुसरं, एनसीबी बुडवायला क्लेमच लागतो असं नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की आख्खा जातो. १० वी-१२ वीच्या धावपळीत रिन्यूअल विसरणारी घरं बरीच असतात.

टाकळीकर
व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली जास्तीची वजावट स्वतःहून घेतली तर प्रीमियम लगेच उतरतो. जुन्या टॅरिफप्रमाणे २,५०० च्या वजावटीला ओडीवर २०% (कमाल ७५०), ५,००० ला २५% (कमाल १,५००), ७,५०० ला ३०% (कमाल २,०००), १५,००० ला ३५% (कमाल २,५००). छोटे क्लेम करायचेच नसतील तर मोठी वजावट घ्यायला हरकत काय?

हिशेबनीस
कमाल मर्यादा बघा. ९,००० च्या २५% म्हणजे २,२५०, पण मिळणार १,५००. ५०% एनसीबीनंतर त्याची किंमत ७५०, जीएसटी धरून ८८५. वर्षाला ८८५ वाचवण्यासाठी मोठ्या अपघातात ५,००० जास्त भरायचे. साडेपाच वर्षांत एकही मोठा क्लेम झाला नाही तर फायदा. शिकाऊ हाताबाबत ही पैज मी लावणार नाही.

टाकळीकर
एनसीबी नसलेल्या गाडीला तीच बचत १,७७० होते, आणि मग तीन वर्षांत पैसे वसूल. त्यामुळे सरसकट नाही म्हणू नका.

हिशेबनीस
मान्य. एनसीबी शून्य असेल तर तुमचं गणित बसतं.

गोदाकाठ
आता तिसरा प्रश्न, गाडी मुलीच्या नावावर?

घाटवाट
एनसीबी हा मालकाचा असतो, गाडीचा नाही. वडील हयात असताना त्यांचा एनसीबी मुलीला मिळत नाही. मृत्यूनंतर वारसाकडे जातो तेवढाच अपवाद. म्हणून मुलीच्या नावाने घेतलेली गाडी शून्यापासून सुरू होते.

पण यातच एक चांगली वाट आहे. घरात नवीन गाडी येणारच असेल तर नवी वडिलांच्या नावावर घ्या, जुनी मुलीच्या नावावर करा. वडिलांनी जुन्या गाडीच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं, आणि ते ५०% नव्या गाडीच्या ओडीवर लावायचे. नव्या गाडीचा ओडी १८,००० असेल तर ९,००० वाचतात. जुनीचा ओडी ५,००० असेल तर तिथले २,५०० जातात. निव्वळ ६,५०० हातात, जीएसटी वेगळा. बरेच जण उलट करतात, नवी गाडी वाढदिवसाची भेट म्हणून मुलाच्या नावावर, आणि पूर्ण ओडी भरत बसतात.

पेठरोड
कागदपत्रं: फॉर्म २९ आणि ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी. बँकेचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. हस्तांतरण झालं की १४ दिवसांत विमा कंपनीकडेही पॉलिसी मुलीच्या नावावर करायचा अर्ज द्या. इथे लोक गाफील राहतात. थर्ड पार्टी आपोआप सरकते, ओडी सरकत नाही. आरसी मुलीच्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या, या अवस्थेत ठोकली तर ओडीचा क्लेम गेला. नाव बदलताना कंपनी उरलेल्या दिवसांच्या एनसीबीचा फरकही मागते, तो भरावाच लागतो.

घाटवाट
नावाचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा 'ओनर-ड्रायव्हर'चा असतो. गाडी वडिलांची आणि चालवत होती मुलगी, तर ते १५ लाख तिला लागू नाहीत. थर्ड पार्टीतूनही नाही, कारण मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो. २००९ च्या निंगम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. म्हणजे मुलीच्या चुकीने अपघात झाला तर गाडीला पैसे मिळतात, मुलीला नाही.

उपाय: पॉलिसीत नाव घालून अपघात विमा (पॉलिसीतलं आयएमटी १५ हे जोडकलम) घ्या, किंवा मुलीच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. वेगळी घेतली तर ती दुसऱ्याची गाडी, दुचाकी, पायी चालताना, सगळीकडे चालते. बिननावाच्या प्रवाशांचं कव्हर चालकावर लागू होतं की नाही यावर वाद होतो, त्या भरवशावर राहू नका. वडिलांनी मात्र एकदाच १५ लाखांचा घ्यावा. दोन गाड्या असल्या तर दुसऱ्या पॉलिसीत तो परत घ्यायची गरज नाही, एजंटला काढायला सांगा.

मिरची_पंचवटी
हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

हिशेबनीस
आता खोट्या काटकसरी. एक, आयडीव्ही पाडणं. एजंट ५ लाखांचा ४.२ करून देतो आणि 'बघा, स्वस्त केलं' म्हणतो. ८०,००० वर ३.१९१% म्हणजे २,५५३, ४५% सूट जाऊन १,४०४, एनसीबी जाऊन ७०२, जीएसटीसह ८२८. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५% च्या वर गेली की ८२८ रुपयांपायी ८०,००० कमी मिळतात.

दोन, थर्ड पार्टीच्या मालमत्तेची मर्यादा. खाजगी कारला ती ७.५ लाख असते. ६,००० वर आणली की १०० रुपये सूट. पॉलिसीच्या कागदावर 'टीपीपीडी' समोर ६,००० दिसलं तर आजच बदलून घ्या. नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल सुटताना नवशिक्याने कुणाच्या महागड्या गाडीचा मागचा दिवा फोडला तर ६,००० त त्याची काचही येत नाही.

तीन, सीसी. नवीन घेणार असाल तरच: वॅगन-आर ९९८ सीसीतही येते आणि ११९७ मध्येही. थर्ड पार्टीत फरक १,३२२, जीएसटीसह १,५६०, दरवर्षी. ही काटकसर मात्र खरी.

टाकळीकर
पे-ॲज-यू-ड्राइव्ह, म्हणजे जितके किलोमीटर तितका प्रीमियम? विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली तेव्हापासून बऱ्याच कंपन्या देतात.

हिशेबनीस
किलोमीटर प्रामाणिकपणे मोजा. कॉलेजला जाऊन-येऊन १६ किमी, वर्षाला २२० दिवस, ३,५२० किमी. मुंबईच्या तीन फेऱ्या प्रत्येकी ३४०, म्हणजे १,०२०. झाले ४,५४०. ५,००० चा स्लॅब कागदावर बसतो, पण एक कोकण ट्रिप आणि एक शिर्डी झाली की गेला. ७,५०० चा घ्या. स्लॅब संपायच्या आधी टॉप-अप घ्यायचा असतो, ओलांडल्यावर अपघात झाला तर काय होतं ते त्या कंपनीच्या शब्दात वाचा. ओडोमीटरचा फोटो पॉलिसी सुरू होतानाचा जपून ठेवा.

चालवण्याच्या पद्धतीवर सूट देणारंही मिळतं, ॲप जोरात ब्रेक, वेग, रात्रीचं ड्रायव्हिंग मोजतं. एकाच गाडीवर बाप आणि पोरगी दोघं असतील तर गुण कुणाचे हे भांडण घरात लागेल एवढं नक्की.

सातपूरकर
दोन गोष्टी पावसाळ्याच्या. गोदाघाटावर गाडी लावून पाणी चढलं तर इंजिनात पाणी जातं. पाणी ओसरल्यावर चावी फिरवली की पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर (क्लेमचं नुकसान तपासणारा) ते 'परिणामी नुकसान' म्हणून काढून टाकतो, इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल तरच मिळतं. नव्या चालकाला एवढंच शिकवा: पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कंपनीला फोन, टोइंग.

दुसरं, कॉलेजातली पोरं आवाजाचा सायलेन्सर, ईसीयू रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला बदल), मोठे टायर करून आणतात. पॉलिसीत नोंद नसलेला बदल सर्व्हेअरच्या फोटोत येतो, मग क्लेम रखडतो.

घाटवाट
आणि वापर. खाजगी पॉलिसीत भाड्याने चालवणं, शर्यत आणि मालवाहतूक वगळलेली असते. मित्रांकडून पैसे घेऊन मुंबई एअरपोर्टला सोडणं हे भाडंच. द्राक्षाचे क्रेट भरून पिंपळगावला नेणं ही मालवाहतूक. दारूबद्दल वेगळं सांगायला नको, वायनरी गावाला लागूनच आहेत. पिऊन चालवली असेल तर ओडी नाही.

क्लेम मात्र एका घरगुती खोटेपणामुळेही बुडतात: मुलाने ठोकली आणि फॉर्मवर 'चालक: वडील'. आता चौकाचौकात कॅमेरे आहेत, सोसायटीच्या गेटवर आहेत, ५०,००० च्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर येतो आणि सीट किती पुढे ओढलेली आहे हेसुद्धा बघतो. मुलीकडे वैध लायसन्स असेल तर खरं नाव लिहिल्याने एक पैसाही कमी मिळत नाही. खोटं लिहिलं तर मिळणारा क्लेमही जातो.

मिरची_पंचवटी
मूल पुण्याला शिकायला गेलं आणि गाडी सोबत नेली तर? पुणे झोन ए आहे ना?

घाटवाट
झोन नोंदणीच्या ठिकाणावरून ठरतो. एमएच-१५ आहे तोवर झोन बी. पत्ता बदलून गाडी पुण्याला नोंदवली तरच बदलेल.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. नवी गाडी नाही, त्यामुळे नाव वडिलांचंच ठेवतो. मुलीची वेगळी अपघात पॉलिसी, एनसीबी प्रोटेक्ट, झीरो डेप, आणि टीपीपीडी तपासतो. एक राहिलंच, गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं आहे. आरसीवर नोंद आहे, पॉलिसीवर दिसत नाही.

घाटवाट
मग रिन्यूअलची वाट बघू नका, उद्याच एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर किटची नोंद, करून घ्या. किटच्या किमतीच्या ४% ओडीत आणि ६० रुपये थर्ड पार्टीत. ४०,००० चं किट असेल तर १,६०० आणि ६०, तेही उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात. किटचं बिल आणि आरसीची प्रत जोडा. आणि ती येईपर्यंत मुलीचा सराव ही गाडी पेट्रोलवर टाकूनही नाही, दुसऱ्या गाडीवर. किट गाडीत आहे म्हणजे बटण पेट्रोलच्या बाजूला आहे की सीएनजीच्या याने फरक पडत नाही.